खेळांना मुहूर्त, घरांना मुदतवाढ

एखाद्या शहराला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे यजमानपद मिळाले, की तेथे एक ठरावीक भाषा कानी पडू लागते. शहराचा मान वाढला, पाहुण्यांपुढे शहराचे रूप उजळले पाहिजे, आणि हे सारे ठरल्या तारखेच्या आत उरकले पाहिजे. या भाषेत मंत्र्यांना, ठेकेदारांना, खेळाडूंना, प्रेक्षकांना जागा असते. जागा नसते ती ज्याचे घर या उजळण्याच्या आड येते त्या कुटुंबाला. त्याचा उल्लेख झालाच, तर तो 'अतिक्रमण' या एका शब्दात होतो आणि पुढचे काम जेसीबीकडे सोपवले जाते.

आम्ही खेळांचे वैरी नाही. मराठवाड्याच्या मातीत वाढलेल्या कोणालाही तसे होता येणार नाही. रामलिंग मुदगडसारख्या खेड्यातून आलेल्या मल्ल हरिश्चंद्र बिराजदारांचे नाव लातूर जिल्ह्यात आजही अभिमानाने घेतले जाते, आणि ते तसेच घेतले जावे. आमचा आक्षेप खेळांच्या आडून होणाऱ्या एका व्यवहारावर आहे. तो एका वाक्यात सांगता येईल: आपल्या राज्यव्यवस्थेत खेळांना मुहूर्त असतो व तो सहसा टळत नाही, गरिबाच्या घराला मुहूर्त नसतो, त्याच्या वाट्याला मुदतवाढ येते.

हे म्हणणे कोणाला कडवट वाटेल, म्हणून इतिहासातील दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराला भूकंपाने हादरवले. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे ८ हजार माणसे, दगड-मातीच्या जाड भिंतींखाली व माळवदांखाली, झोपेतच गाडली गेली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९९४ मध्ये, पुण्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा थाटाने पार पडल्या. त्यांच्यासाठी बालेवाडी-म्हाळुंगे येथे सुमारे १५० एकरांवर क्रीडानगरी उभी राहिली होती. तिचे काम भूकंपाआधीच हाती घेतलेले होते, आणि भूकंप झाला म्हणून स्पर्धा रद्द करायला हवी होती असेही आमचे म्हणणे नाही. परंतु त्या थंडीत भूकंपग्रस्त पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते. क्रीडानगरी तारखेला तयार होती. कायमच्या घरांची वाट त्या लोकांनी पुढे काही वर्षे पाहिली. राज्य एकच, सरकार एकच, तिजोरीही एकच होती. फरक होता तो एवढाच की, क्रीडानगरीच्या दारात पाहुणे ठरल्या दिवशी येऊन उभे राहणार होते आणि शेडमधल्या माणसाकडे कोणीही पाहुणा येणार नव्हता.

न्यायाने बोलायचे तर, ५२ गावे नव्या जागी वसवणे हे एक क्रीडानगरी बांधण्याहून कितीतरी अवघड काम होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने आणि अनेक सेवासंस्थांच्या हातभाराने ते झाले. आणि त्या कामात एक गोष्ट अशी घडली, की जी सोहळ्यांच्या शहरात क्वचितच घडते: माणसे मोजली गेली. कोणाला किती चौरस फुटांचे घर, हे जाहीर ठरले. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फूट अशी घरांची प्रतवारी केली गेली. भूमिहीनाला सर्वांत लहान घर देण्याचा तो नियम आम्हांला आजही खटकतो. तरीसुद्धा त्या भूमिहीनाचे नाव यादीत होते, त्याला घर देणे लागते हे शासनाने मान्य केले होते. निसर्गाने उघड्यावर आणलेल्या माणसाला जे मिळाले, ते उत्सवाने उघड्यावर आणलेल्याला का मिळू नये, हा आमचा प्रश्न आहे.

यानंतरचे वर्ष २००८. ऑक्टोबरच्या १२ ते १८ तारखांस पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. ७० हून अधिक देशांचे तरुण खेळाडू त्याच बालेवाडीत उतरले. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्या नांदेडात गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा सुरू झाला. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला गुरू ग्रंथसाहिबाकडे गुरुपद सोपवले, त्याला ३०० वर्षे पूर्ण होत होती. एक सोहळा क्रीडेचा, दुसरा श्रद्धेचा. शीख बांधवांच्या श्रद्धेविषयी आम्हांला मनःपूर्वक आदर आहे. आम्ही बोलत आहोत ते शासनाच्या वागणुकीविषयी, आणि ती दोन्हीकडे एकाच वळणाची असते. तेव्हा मुख्यमंत्री लातूरचे विलासराव देशमुख होते. त्याच वर्षी डिसेंबरात ते पद नांदेडच्या अशोक चव्हाणांकडे आले. मराठवाड्याच्या हाती सत्ता नव्हती, ही सबब या प्रकरणी चालणार नाही.

नांदेडला त्या निमित्ताने पुष्कळ काही मिळाले. रस्ते रुंद झाले, गोदावरीचे घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. हे आम्ही नाकारीत नाही. त्या रस्त्यांवरून आम्हीही चालतो. मात्र जुन्या शहरातील रस्ता आकाशातून रुंद होत नसतो. तो कोणाच्या तरी ओसरीतून, कोणाच्या तरी दुकानाच्या फळीवरून, कोणाच्या तरी स्वयंपाकाच्या खोलीतून रुंद होतो. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडचा समावेश होता. त्या योजनेला दोन हात होते: एक रस्ते-पाण्याचा, दुसरा शहरी गरिबांच्या घरांचा. दुसऱ्या हाताने नांदेडच्या झोपडपट्ट्यांत जागच्या जागी पक्की घरे बांधण्याचा मार्ग पत्करला, आणि तो मार्ग योग्यच होता, कारण माणसाचे काम, मुलांची शाळा व शेजार त्यात सुटत नाही. पण दोन्ही हातांची चाल सारखी नव्हती. सोहळ्याची कामे सोहळ्याच्या तारखेकडे डोळे लावून धावली. घरांची कामे सोहळा उरकल्यावरही वर्षानुवर्षे चालूच राहिली.

ही तारीख नेमके काय करते, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात घर पाडण्याविरुद्ध कायदे नाहीत असे नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात, पदपथावर राहणाऱ्याच्याही जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे मान्य केले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे महत्त्व सांगितले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर 'बाधित कुटुंब' या संज्ञेत जमीनमालकाबरोबर कूळ, भाडेकरू, शेतमजूर व कारागीर यांनाही आणले आणि संपादनापूर्वी सामाजिक परिणामांची पाहणी बंधनकारक केली. हे सर्व उत्तम आहे. पण ऐकून घ्यायला वेळ लागतो, पाहणीला महिने लागतात, आणि सोहळ्याच्या शहरात नेमका वेळच शिल्लक नसतो. मग भूसंपादनाचा शब्दच टाळून 'रस्तारुंदी', 'सुशोभीकरण', 'अतिक्रमण हटाव' असे शब्द वापरले जातात. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मात्र त्याच निकालात रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी व जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आणि सोहळ्यासाठी जी घरे पडतात, ती मुख्यतः कोठे असतात? रस्त्याच्या कडेला आणि नदीच्या काठाला!

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. येथील जुने कागद उर्दूत आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजांकडे तेही नाहीत. गायरानावर घर बांधून राहिलेल्या व तेथे पीक घेणाऱ्या दलित कुटुंबांना आपला हक्क नोंदवून घेण्यासाठी किती दशके झगडावे लागले, हे मराठवाड्यातील धर्मग्रामांना सांगायला नको. आपल्यातील कितीतरी घरे त्याच समाजातून आलेली आहेत. सोहळ्यासाठी 'मोकळी शासकीय जमीन' शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या नकाशावर गायरान मोकळेच दिसते. त्यावरची चूल नकाशात दिसत नाही.

ज्यांचे घर पडत नाही, तेही सुरक्षित नसतात. भाडेकरूचा विचार करा. लातूरकरांना हे समजावून देण्याची गरज नाही. शिकवण्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येतात आणि शिकवण्यांच्या आसपासच्या खोल्यांचे भाडे मजुराच्या व हातगाडीवाल्याच्या आवाक्याबाहेर जाते, हे ते दरवर्षी पाहतात. मोठ्या स्पर्धेच्या वेळी हेच एका दमात घडते. जमिनीचा भाव चढतो, घरमालकाला भाडे वाढवावेसे वाटते, आणि जुना भाडेकरू शहराच्या कडेला सरकतो. त्याला कोणी नोटीस देत नाही, म्हणून तो कोणत्याच यादीत येत नाही. आज बालेवाडी-बाणेर हा पुण्यातील महागड्या भागांपैकी एक आहे. हिंजवडीच्या उद्योगांचा त्यात मोठा वाटा आहे हे खरे, पण त्या माळाला शहराच्या नकाशावर प्रथम आणले ते क्रीडानगरीने. पुण्याचे असे मनोरे उभारायला नांदेड-लातूरकडची माणसे मोठ्या संख्येने गेली. ती बांधकामाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतात आणि मनोरा पुरा झाला की खोली मोडून पुढे जातात.

दिल्लीचा अनुभव तर उघड्या पुस्तकासारखा आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवर मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असा निकाल मिळाला. तो निकाल आपल्या न्यायशास्त्राचा मानबिंदू आहे. पण तो ज्या मैदानांमुळे द्यावा लागला, ती मैदाने तारखेला पूर्ण झालीच होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी याहून मोठ्या प्रमाणावर तेच झाले. हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेच्या अभ्यासानुसार, २००४ पासून किमान २ लाख लोकांना त्या स्पर्धांपायी दिल्लीत घरे गमवावी लागली. त्याच काळात अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी राखून ठेवलेल्या निधीतील शेकडो कोटी रुपये स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे उघडकीस आले, आणि ते चुकीचे होते हे केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत मान्य करावे लागले. ज्याचे घर पाडायचे, त्याच्याच वाट्याच्या पैशाने मैदान सजवायचे! याहून निर्लज्ज हिशेब आम्हांला ठाऊक नाही.

हे केवळ आपल्याच देशाचे वैगुण्य आहे असेही नाही. जिनिव्हातील एका गृहहक्क संस्थेने २००७ साली असा हिशेब मांडला, की वीस वर्षांतील ऑलिंपिक स्पर्धांनी २० लाखांहून अधिक लोकांना विस्थापित केले. त्यांपैकी ७ लाख २० हजार एकट्या सोल शहरातील. सोलची हकीकत कॅथॉलिक वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. १९८८ च्या ऑलिंपिकपूर्वी तेथील संग्ये-दोंग ही गरीब वस्ती पाडण्यात आली. बेघर झालेल्या कुटुंबांनी म्योंगदोंग कॅथीड्रलच्या आवारात तंबू ठोकले आणि ख्रिस्तसभेने त्यांना कित्येक महिने आसरा दिला. येशूसंघीय धर्मगुरू जॉन डेली त्या लोकांत जाऊन राहत होते. त्यांना व त्यांचे सहकारी जे जोंग-गू यांना १९८६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळालेला होता. पुढे त्या कुटुंबांनी शहराबाहेर बुचॉन येथे जमीन मिळवली, तर तेथेही त्यांना निवारे उभारू देईनात. का, तर शेजारच्या महामार्गावरून ऑलिंपिकची ज्योत जायची होती! ज्योत क्षणभर दिसणार, म्हणून माणसांनी हिवाळा जमिनीतल्या खड्ड्यांत काढायचा.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे असे, की अतिक्रमण हे अतिक्रमण आहे आणि ते आज ना उद्या निघायचेच होते. आमचा प्रश्न आहे: मग ते पाहुणे यायच्या आदल्या महिन्यातच का निघते? वीस वर्षे ज्या वस्तीकडून मते घेतली, जिला नळ दिला, जिच्याकडून कर घेतला, ती अचानक बेकायदा ठरते, याचा अर्थ कायदा जागा झाला असा नसून पाहुण्यांची लाज वाटली असा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादेत मोटेरा मैदानावर यायचे होते, तेव्हा तेथे मैदानाजवळच्या ४५ कुटुंबांना जागा सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या आणि त्यांच्या मार्गावरील एका झोपडपट्टीसमोर भिंत बांधली गेली. दोन्हींचा पाहुण्यांशी संबंध नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. योगायोगाला इतका अचूक मुहूर्त सापडतो, हे नवलच म्हणायचे.

दुसरे म्हणणे अधिक सभ्य आहे: आम्ही नुकसानभरपाई देतो, दूर का होईना पर्यायी जागा देतो, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद फार जुना आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तेव्हा त्याने आरंभी बळजबरी केली नव्हती. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख मोल देतो, असेच तो म्हणाला होता. आजच्या भाषेत तो पुनर्वसनाचा उत्तम प्रस्ताव होता. नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची भूमी होती. पुढे जे झाले ते आपण जाणतो. त्या कथेतील पाप केवळ ईजबेलच्या कपटात नाही. विचारल्यावर 'नाही' म्हणण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहे, हे राजाला सहन झाले नाही, त्यात ते सुरू होते. सोहळ्याच्या शहरात नाबोथाला विचारलेही जात नाही. आणि मोल देताना खोलीचे मोल धरले जाते. खोलीपासून चालत गाठता येणारी चार घरची धुणीभांडी, मुलीची शाळा, अडीनडीला उसने देणारी शेजारीण, यांचे मोल कोण धरतो?

तिसरे म्हणणे: इतकी माणसे एकत्र आणायची तर काही घरे हलणारच. याचे उत्तर नांदेड जिल्ह्यातच आहे. लोहा तालुक्यातील माळेगावला दरवर्षी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लाखो माणसे येतात. घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार भरतो. कुस्त्यांची दंगल होते. माळरानावर राहुट्या पडतात, आखाड्याची माती भुसभुशीत केली जाते आणि यात्रा पांगली की रान पुन्हा रान होते. यात्रेतही गैरसोयी असतात, पण यात्रेसाठी गावाला हलवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येत नाही. पाहुण्याने गावाच्या मापाने राहायचे, हा तेथील रिवाज आहे. सोहळ्याच्या शहरात गाव पाहुण्याच्या मापाने कापले जाते.

हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने दावा सांगितला आहे. मोठ्या शहरांचे अनुकरण लहान शहरे करतात. उद्या एखादी राष्ट्रीय स्पर्धा नांदेडला किंवा लातूरला मिळाली, तर आम्हांला आनंदच होईल. मात्र त्या आनंदाच्या अटी आम्ही आजच सांगून ठेवतो. निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी, त्यापायी हलवाव्या लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची यादी, भाडेकरूंसह, त्या त्या वस्तीत जाहीर वाचली जावी. नव्या घराची किल्ली हाती पडल्याखेरीज जुन्या घराची वीट हलू नये, आणि ते घर शक्यतो जागच्या जागी, नाहीतर कामाच्या व शाळेच्या टप्प्यात असावे. दुर्बल घटकांच्या निधीतील एक रुपयाही मैदानाकडे वळू नये. आणि घरांची तारीख स्पर्धेच्या तारखेच्या आधीची असावी. ती टळली तर स्पर्धाही टळावी. हे झाले नाही, तर यजमानपद नम्रपणे नाकारण्याइतका स्वाभिमान शहराने दाखवावा.

शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९८७ साली, बेघरांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने ख्रिस्तसभेला बेघर बांधवाबद्दल थेट जाब विचारणारे निवेदन काढले. पोप फ्रान्सिस यांनीही जमीन, घर व काम हे प्रत्येक माणसाचे हक्क असल्याचे वारंवार सांगितले. आपल्या धर्मग्रामांतील शिकलेल्या तरुणांनी एवढे तरी करावे: वस्तीतील प्रत्येक घराची मालमत्ता कराची पावती, वीजबिल, शिधापत्रिका, भाड्याची चिठ्ठी यांच्या प्रती आजच गोळा करून ठेवाव्यात, प्रभागाचा विकास आराखडा महापालिकेतून मिळवून, त्यात आपल्या वस्तीवरून कोणती रेघ गेली आहे ते पाहावे, आणि हे काम फक्त आपल्या माणसांपुरते न ठेवता शेजारच्या मुसलमान, बौद्ध, मातंग, शीख घरांसाठीही करावे. नोटीस येते तेव्हा हातात असतात फार तर पंधरा दिवस, पुष्कळदा तेवढेही नाहीत. कागद जमवायला मात्र आज वेळ आहे.